कोठार सामाईक, पण चावी कोणाची?

गल्ल्याची चावी कोणताही मालक सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देत नाही. गोदामाचे कुलूप रात्री कोणी लावले आणि सकाळी कोणी उघडले, हे त्याला विचारताच सांगता येते. उधारीची वही तर तो नजरेआड होऊ देत नाही. परंतु याच मालकाच्या कॉम्प्युटरकडे वळा. त्याचे ग्राहक, त्याचे दर, त्याची डिझाइने, देण्याघेण्याचा सारा हिशेब तेथे उघड्यावर पडलेला असतो. पासवर्ड एकच असतो, तो सर्वांना ठाऊक असतो आणि बहुधा पडद्याच्या कडेला चिकटवलेलाही असतो. मालाला कुलूप आणि माहितीला मोकळे रान, असा हा उलटा कारभार आहे.

आमच्या माहितीतील एका कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातील गोष्ट सांगतो. कारखान्यात आठ-नऊ कॉम्प्युटर होते. पंचिंग केलेल्या सगळ्या फाइली एका कॉम्प्युटरवरील सामाईक फोल्डरमध्ये असत आणि सर्वजण एकाच नावाने तेथे शिरत. हंगामाच्या तोंडावर त्यांचे एक डिझाइन दुसऱ्याच्या मालावर दिसले. मालकाचा संशय नुकत्याच लागलेल्या एका तरुण पंचिंगवाल्यावर गेला आणि त्याला काढून टाकण्यात आले. पुढे कळले ते असे, की डिझाइन कारखान्यातून गेलेच नव्हते. ग्राहकाने स्वतःच नमुन्याचा तुकडा दुसरीकडे दाखवला होता. मालकाला पश्चात्ताप झाला, माणूसही पाठवला, पण तो मुलगा परत आला नाही. फाइल कोणी उघडली, केव्हा उघडली, याची नोंद असती तर एका निरपराध कारागिराची रोजी आणि इभ्रत दोन्ही वाचली असती.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे, की कॉम्प्युटरवरील बंदोबस्त म्हणजे कामगारांवर पाळत, असा समज आपल्याकडे रूढ आहे. आमचे मत नेमके उलट आहे. जेथे सर्वांना सर्व काही खुले असते, तेथे सर्वच संशयाच्या घेऱ्यात येतात. ज्याचे त्याला आणि जेवढ्यास तेवढे, ही व्यवस्था मालकाच्या फायद्याची आहेच, परंतु कामगारालाही तिचाच आधार असतो.

एका डब्यावर भरवसा किती?

आज बहुतेक कारखान्यांत फाइली ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर असतात. डिझाइनर रजेवर गेला की त्याचे मशीन बंद आणि काम अडून बसते. पेनड्राइव्हवरून फाइल इकडची तिकडे जाते. मग "फायनल", "फायनल नवीन", "फायनल पक्के" अशा तीन फाइली तयार होतात आणि मशीनवर नेमकी चुकीची चढते. कापड वाया जाते ते वेगळेच.

जे थोडे पुढे गेले आहेत त्यांनी नेटवर्कवर चालणारा स्टोरेजचा एक डबा आणून बसवला आहे. त्यात दोन किंवा चार हार्ड डिस्क असतात आणि एक डिस्क गेली तरी दुसरीवर माहिती शाबूत राहते. हे पाऊल चांगलेच आहे. परंतु डिस्क दोन असल्या तरी डबा एकच असतो. त्याचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला, आतील बोर्ड बिघडले किंवा डब्यावर पाणी गळले, तर दुरुस्ती होईपर्यंत सारा कारखाना हात बांधून बसतो. लग्नसराईत चार दिवस बसणे म्हणजे काय, हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

म्हणून मोठ्या ठिकाणी स्टोरेजचा क्लस्टर वापरतात. क्लस्टर म्हणजे अनेक यंत्रांचा एक गट. बाहेरून तो एकच कोठार दिसतो, पण आत प्रत्येक फाइलच्या दोन किंवा तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर असतात. एक यंत्र बंद पडले तरी काम चालू राहते. सेफ नावाची अशी प्रणाली सेज वाइल यांनी कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथील विद्यापीठात आपल्या संशोधनातून उभी केली. आज ती जगभर वापरली जाते आणि तिच्या वापरासाठी परवाना शुल्क पडत नाही. ग्लस्टर ही दुसरी प्रणालीही बरीच वर्षे चालली. तिची कंपनी २०११ मध्ये रेड हॅटने विकत घेतली. पुढे २०१४ मध्ये सेफमागची कंपनीही रेड हॅटने घेतली आणि २०२४ च्या अखेरीस आपल्या ग्लस्टर मालाला आधार देणे थांबवले. यातून धडा एवढाच घ्यायचा, की कोणाचेही यंत्र किंवा प्रणाली घेताना "उद्या हे दुकान बंद झाले तर माझा माल मी बाहेर कसा काढणार?" हा प्रश्न आधी विचारावा.

तीन यंत्रे कशासाठी?

दोन यंत्रांवर दोन प्रती पुरेशा नाहीत का, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. समजा, दोन यंत्रांना जोडणारी तार तुटली. दोन्ही यंत्रे चालू आहेत, पण प्रत्येकाला वाटते की दुसरे मेले. दोन्ही आपापल्या परीने नव्या फाइली लिहून घेतात. तार जोडल्यावर एकाच फाइलच्या दोन भिन्न प्रती समोर येतात आणि खरी कोणती, हे सांगणारे कोणी नसते. दोन भागीदारांच्या भांडणात तिसरा शहाणा माणूस लागतो, तसेच हे आहे. यंत्रे तीन असली की ज्या बाजूला दोन ती बाजू काम चालू ठेवते आणि एकटे पडलेले यंत्र लिहिणे थांबवते. म्हणून क्लस्टरची सुरुवात तिनापासून करावी.

याची किंमत मात्र मोजावी लागते. प्रत्येकी ८ टेराबाइटची तीन यंत्रे घेतली तर एकूण जागा २४ टेराबाइट होते, परंतु प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ठेवल्यावर वापरण्याजोगी जागा ८ टेराबाइटच उरते, आणि तीही काठोकाठ भरून चालत नाही. विक्रेता २४ चा आकडा सांगेल. खरेदी करणाऱ्याने ८ चा आकडा विचारावा.

टेबलावरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचताना

आपल्या कारखान्यांतील कॉम्प्युटर बहुतेक विंडोजवर चालतात आणि नेटवर्कवरील फाइल मागण्याची त्यांची नेहमीची भाषा एसएमबी ही आहे. क्लस्टरची आतील भाषा वेगळी. मध्ये दुभाष्या लागतो. ते काम सांबा नावाचा प्रोग्राम करतो. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा पाया घातला. हाही कोणालाही मोफत वापरता येतो.

येथे एक मेख आहे आणि अर्धवट माहितीचे तंत्रज्ञ नेमके येथे घसरतात. क्लस्टरला दुभाष्या एकच ठेवला, तर तो बंद पडताच दार बंद. म्हणून दोन-तीन ठेवावे लागतात. पण समजा, मुनीमजींनी दराचा तक्ता पहिल्या दाराने उघडला आणि विक्रीवाल्याने तोच तक्ता दुसऱ्या दाराने उघडला. पहिल्या दारावरील रखवालदाराला ठाऊक आहे की फाइल कामात आहे, दुसऱ्याला ते ठाऊक नाही. दोघेही लिहितात आणि शेवटी जो जतन करील त्याचे राहते, पहिल्याची मेहनत पुसली जाते. हे टाळण्यासाठी सांबाच्या जोडीला सीटीडीबी नावाची व्यवस्था वापरतात. कोणती फाइल कोणाच्या हातात आहे, याची खबर ती सर्व दारांना देते. एक दार बंद पडले तर त्याचा पत्ता दुसऱ्या दाराकडे सोपवते. काम करून देणाऱ्याला एवढे जरूर विचारा की "दोन दारांमध्ये कुलपांची खबर कशी पोचते?" उत्तर देताना तो अडखळला, तर पैसे देण्याची घाई करू नका.

दारे अनेक, यादी एक

आता मुख्य मुद्दा. कोठार कितीही मजबूत असले तरी आत कोण येतो यावर ताबा नसेल तर ते फुकट. पूर्वी प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी नावे आणि वेगळे पासवर्ड ठेवत. दहा कॉम्प्युटर आणि पंधरा माणसे झाली की त्याचा मेळ राहत नाही. त्यावर उपाय म्हणजे सर्वांची एक मध्यवर्ती यादी. मायक्रोसॉफ्टची अॅक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० बरोबर आली. तेच काम सांबाही २०१२ च्या अखेरीस आलेल्या ४.० आवृत्तीपासून करू शकतो. या यादीत प्रत्येक माणसाचे स्वतंत्र नाव असते आणि तो ज्या गटात बसतो त्यानुसार त्याला दारे उघडतात. डिझाइनचा गट वेगळा, हिशेबाचा वेगळा, माल रवाना करणाऱ्यांचा वेगळा. परवानगी माणसाला न देता गटाला द्यावी. माणूस बदलला तरी गट तोच राहतो.

माणूस काम सोडून गेला की यादीतील त्याचे एक नाव बंद केले म्हणजे झाले. यातही एक बारकावा आहे. सकाळी प्रवेश घेताना त्याला एक प्रकारचे तिकीट मिळते आणि नेहमीच्या मांडणीत ते १० तास चालते. तेव्हा दुपारी नाव बंद केले तरी उघडलेले दार संध्याकाळपर्यंत उघडे राहू शकते. म्हणून नाव बंद करावे आणि त्याचे चालू जोडणेही तोडावे. त्याने आधीच पेनड्राइव्हवर नेलेले मात्र कोणतीही यादी परत आणू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

ही तिकिटांची पद्धत केर्बेरॉस या नावाने ओळखली जाते. ती अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९८० च्या दशकात तयार झाली. तिला घड्याळाची फार काळजी असते. कॉम्प्युटरचे घड्याळ आणि यादी सांभाळणाऱ्या यंत्राचे घड्याळ यांत ५ मिनिटांहून अधिक फरक पडला, तर नेहमीच्या मांडणीत प्रवेश नाकारला जातो. जुन्या कॉम्प्युटरमधील छोटा सेल संपला, तारीख मागे गेली आणि "पासवर्ड बरोबर असून दार उघडत नाही" अशी तक्रार आली, तर आधी घड्याळ पाहा. सेलची किंमत किरकोळ असते, पण तो शोधण्यात दिवस जातो.

आणखी तीन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पहिली, विंडोजची होम आवृत्ती अशा मध्यवर्ती यादीत सामील होऊ शकत नाही. कॉम्प्युटर घेतानाच प्रो आवृत्ती घ्यावी, नाहीतर स्वस्ताई महाग पडते. दुसरी, यादी सांभाळणारी यंत्रे किमान दोन हवीत. एकच ठेवले आणि ते बंद पडले तर कोठार शाबूत असूनही कोणालाच आत जाता येणार नाही. तिसरी, क्लस्टरच्या सर्व दारांवर माणसाचा आतील क्रमांक एकच असला पाहिजे. प्रत्येक दाराने आपापल्या मर्जीने क्रमांक वाटले, तर एका दारावर जो हिशेबनीस, तोच दुसऱ्या दारावर भलताच कोणी ठरतो.

तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे

क्लस्टर घेतला म्हणजे आता बॅकअप नको, असे सांगणारे विक्रेते आम्ही पाहिले आहेत. ही शुद्ध दिशाभूल आहे. कोणी चुकून फाइल पुसली, तर तिन्ही प्रती एकदमच पुसल्या जातात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. तो शिरला एसएमबीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतील भगदाडातून. ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली नाही, त्यांना भोगावे लागले. असा व्हायरस एखाद्या डिझाइनरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला, तर त्या डिझाइनरला जेवढी दारे खुली, तेवढ्या सर्व खोल्यांना तो कुलूप घालतो आणि क्लस्टर त्या कुलूपबंद फाइलींच्या इमानाने तीन प्रती करतो. येथेही गटवार परवानगीचे मोल कळते. नुकसान एका खोलीपुरते राहते.

म्हणून ठरावीक वेळच्या स्थितीची नोंद कोठारात ठेवावी, तिसरीकडे वेगळी प्रत घ्यावी आणि एक प्रत तार काढलेल्या डिस्कवर दुसऱ्या इमारतीत ठेवावी. ती परत उतरवून पाहावी. कधीही उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे कधीही न वटवलेली हुंडी होय. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. डिस्क जळाली, ही सबब तेथे किती चालेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

एकट्याचे काम नव्हे

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर तीन-चार कॉम्प्युटरच्या दुकानाने क्लस्टरच्या भानगडीत पडू नये. त्याला दोन डिस्कचा एक चांगला डबा, प्रत्येकाचे वेगळे नाव आणि बॅकअपची डिस्क एवढे पुष्कळ झाले. क्लस्टरला तीन यंत्रे लागतात, प्रत्येकाला वेगळा यूपीएस लागतो, वेगवान स्विच लागतो आणि मुख्य म्हणजे तो समजणारा माणूस लागतो. असा माणूस दहा माणसांच्या कारखान्याला परवडत नाही.

परंतु भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे एकाच गल्लीत, एकाच धंद्यातले अनेक कारखाने शेजारी शेजारी आहेत. त्यांना मिळून परवडते. केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीच्या क्लस्टर विकास कार्यक्रमात सामाईक सुविधा केंद्राला अनुदान मिळते. उद्योजकांनी एकत्र येऊन आपली संस्था काढायची, आपला वाटा घालायचा आणि केंद्र चालवायचे, अशी ती योजना आहे. आपले लोक सामाईक केंद्र म्हटले की महागड्या मशीनचा विचार करतात. आमची सूचना अशी, की डिझाइनच्या केंद्राबरोबर सामाईक कोठाराचाही विचार व्हावा. गल्लीत फायबरची तार टाकून सभासदांचे कॉम्प्युटर जोडता येतात. दुसऱ्या गावचा सभासद असेल तर त्याला व्हीपीएनच्या बंद वाटेनेच आत घ्यावे. एसएमबीचे दार थेट इंटरनेटवर उघडणे म्हणजे गोदाम हमरस्त्यावर उघडे टाकणे होय.

येथे पहिला आक्षेप येईल आणि तो आम्हाला मान्य आहे. शेजारी हा प्रतिस्पर्धीही असतो. माझी डिझाइने त्याच्याबरोबर एका कोठारात कशी ठेवू? याचे उत्तर अर्धे यंत्रात आहे आणि अर्धे माणसांत. यंत्रात असे, की प्रत्येक सभासदाची खोली वेगळी, तिचा गट वेगळा आणि कोणाला आत घ्यायचे ते त्या सभासदाने ठरवायचे. दुसऱ्याला ती खोली दिसूही नये, अशी मांडणी करता येते.

पण यंत्रे सांभाळणाऱ्या माणसाचे काय? ज्याच्या हाती क्लस्टरची मुख्य चावी, त्याला सर्व खोल्यांत डोकावता येते. परवानग्यांची भिंत त्याला अडवत नाही. ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत, म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो. आमच्या मते सामाईक कोठार टिकेल की भांडणात बुडेल, हे येथेच ठरेल. मुख्य चावी एका माणसाच्या खिशात असू नये. रोजचे काम साध्या अधिकाराच्या नावाने व्हावे. मुख्य पासवर्ड दोन भागांत दोन विश्वस्तांकडे मोहोरबंद असावा. तो वापरला की नोंद व्हावी आणि ती नोंद अशा यंत्रावर जावी, जेथे त्या तंत्रज्ञाचा हात पोचत नाही. महिन्यातून एकदा सभासदांसमोर ती नोंद वाचली जावी. ज्या डिझाइनवर सारा हंगाम अवलंबून आहे, ते सभासदाने आपल्याच कॉम्प्युटरवर स्वतःच्या चावीने कुलूपबंद करूनच कोठारात टाकावे. मग तंत्रज्ञाने फाइल पाहिली तरी त्याच्या हाती काही लागणार नाही. मात्र ती चावी हरवली तर मालकालाही काही मिळणार नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप असा, की एवढे करण्यापेक्षा मोठ्या कंपन्यांच्या क्लाउडवर भाड्याने जागा का घेऊ नये? अवश्य घ्यावी, ज्याला सोयीची वाटते त्याने. पण तेथेही प्रत्येकाचे वेगळे नाव, गट आणि नोंद हे सारे आपल्यालाच बसवावे लागते. भाडे दरमहा द्यावे लागते. वजनदार फाइली इंटरनेटवरून ओढताना वेळ जातो आणि लाइन गेली की काम थांबते. आम्ही क्लाउडच्या विरोधात नाही. बॅकअपची दूरची प्रत तेथे ठेवण्यास ते उत्तम आहे.

ग्राहक आपला नमुना, आपले माप, आपला दर आपल्या भरवशावर ठेवतो. ती अमानत आहे. आपल्या बाजारात बाप-दादांची साख याच अमानतीवर उभी राहिली. तेव्हा ती कपाटात होती, आता डिस्कवर आहे, एवढाच फरक.

क्लस्टर आज ना उद्या होईल. पण या आठवड्यात दोन कामे कोणालाही करता येतील आणि त्यांना एक पैसाही लागत नाही. सर्वांना मिळून असलेला तो एक पासवर्ड रद्द करा आणि प्रत्येकाला त्याचे नाव द्या. जे काम सोडून गेले आहेत, त्यांची नावे काढून टाका. ज्याला आपल्या दाराची चावी आज कोणाकोणाकडे आहे हे सांगता येत नाही, त्याने उद्याच्या मोठ्या कोठाराची गोष्ट करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.